सूनबाईच्या माहेरचं जेवण

६ मार्च

ठोंब्या,

'चिरंजीव' लिहायला हात उठत नाही. तुझं कागदोपत्री नाव लिहिलं तर ऑफिसातून नोटीस पाठवल्यासारखं वाटतं. म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नावच बरं. फोन तू उचलत नाहीस, पत्राला निदान चार ओळींचं उत्तर देतोस, तेव्हा पत्र.

परवा डोळे दाखवायला गेले होते. नवे डॉक्टर नदीपलीकडे बसतात. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले आणि तासभर इथेच बसून राहा म्हणाले, म्हणून मी अर्थातच बाहेर पडले. समोरच्या रांगेत, किल्ल्या बनवणाऱ्याच्या आणि लाँड्रीच्या मधे, एक काचेचं दार आहे. दारावर फोडलेल्या डाळिंबाचं चित्र, खाली 'पर्शियन घरगुती जेवण'. तू सांगितलेलं तुझ्या बायकोच्या आईवडिलांचं रेस्टॉरंट ते हेच, हे पाटी वाचताना लक्षात आलं.

आत एक मुलगी टेबल पुसत होती. उन्हाने डोळ्यांत पाणी येत होतं, मला आधी भासच वाटला. मग ती कुणाशी तरी बोलताना हसली आणि समोरच्या दोन दातांतली फट दिसली. फोटो दाखवलास तेव्हा मी त्या फटीवरून काहीतरी बोलले होते आणि तू जेवण टाकून उठला होतास. ती फट मी विसरेन होय?

आता मला एवढंच सांग. मागच्या पत्रात तू लिहिलंस, 'आम्ही बरे आहोत. ती बाजारात गेली आहे, तुला नमस्कार सांगते.' तुमच्या गावाहून इथे यायला आगगाडीला दीड दिवस लागतो. बाजार फारच लांब भरतो वाटतं तुमच्याकडे?

मी लग्नाला आले नाही. त्याबद्दल मला आज काही लिहायचं नाही. तू म्हणालास, 'ये किंवा येऊ नकोस, त्या दिवशी लग्न होणार.' मी आले नाही, लग्न झालं, दीड वर्ष उलटलं. पण आपली सून कुठे आहे हे सासूला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन कळावं, ही काय तऱ्हा झाली?

तुझी आत्या म्हणते, "वहिनी, माहेरपणाला आली असेल." माहेरपणाला आलेली मुलगी टेबलं पुसते का रे?

उत्तर लगेच दे.

आई


१५ मार्च

ठोंब्या,

उत्तर आलं नाही, म्हणून मी आत जाऊन आले.

रागावू नकोस. मी कोण ते सांगितलं नाही. दुपारचं गिऱ्हाईक ओसरल्यावर गेले. जागा लहानच आहे. टेबलांवर मेणकापड, त्याच्याखाली नक्षीचा कपडा, म्हणजे कपडा मळू नये आणि दिसावाही. कोपऱ्यात चहाचं पाणी उकळत ठेवायचा पितळी समोवार, त्यावर किटली. शेजारी खुर्चीत एक आजी, पायांवर शाल. गल्ल्यावर मुलीची आई असणार. दातांत फट नाही, पण हनुवटी तीच. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधे ताटं सरकवायची एक खिडकी आहे. तिच्यातून एका दांडग्या माणसाचं तोंड दिसलं आणि लगेच नाहीसं झालं. ते तुझे सासरे.

माझ्याकडे बघून गल्ल्यावरची बाई क्षणभर थबकली. मी ते टिपलं. बत्तीस वर्षं विम्याचे दावे तपासले आहेत मी. समोरचा माणूस कुठल्या वाक्याआधी थांबतो ते बघायची सवय काही पेन्शनबरोबर जात नाही.

"पहिल्यांदाच आलात?" तिने विचारलं.

"समोर डॉक्टरांकडे येते. शाळेत शिकवायचे मी, आता निवृत्त."

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि नणंद."

"मुलंबाळं?"

"नाहीत."

तोंडातून निघून गेलं. खरं तर असं निघून जात नाही काही. जाताना बसमध्येच ठरवून ठेवलं होतं. आत झारा पातेल्यावर आपटत होता तो आवाज बंद झाला. बाई म्हणाली, "बसा ना, बसा. त्या टेबलाशी वारा लागेल, इथे बसा." आणि समोवारापाशी, आजीच्या शेजारी, मला नेऊन बसवलं.

मी वांग्याचं काहीतरी मागवलं. आलं ते वांगं, वर पुदिना आणि तळलेला कांदा, दह्यासारखं आंबटसर काहीतरी ओतलेलं. शिवाय न मागवलेला भात, केशराचा, त्यावर पातेल्याच्या बुडाची सोनेरी खरवड. आपण खरवड भांडं घासताना काढतो, ही माणसं ती वर मांडून मिरवतात. खाल्ली. कुरकुरीत होती. चांगली होती, असं लिहायला माझा हात जड झाला आहे हे ध्यानात घे. मग पालेभाजीच्या रश्श्याची वाटी, तीही न मागवलेली. तिच्यात एक काळा गोळा. मी चमच्याने बाजूला काढून बघत बसले तर आजी खुदकन हसली. वाळवलेलं लिंबू होतं.

तुझी बायको आली नाही. आत होती, आवाज ऐकला. कुणीतरी दबक्या आवाजात तिला "आत्ता नको" म्हणालं.

शेवटी बिल मागितलं, तर बाई छातीवर हात ठेवून म्हणते, "राहू द्या हो, तुमच्यापुढे काय मोठं." मी म्हटलं, मला फुकटचं चालत नाही. पुन्हा "राहू द्या." तिसऱ्यांदा घेतले. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी समजावलं की यांची रीतच आहे, नाही म्हणायचं आणि मग घ्यायचं. असेल. पण त्याच गृहस्थांचे पैसे तिने एकदाच नाही म्हणून घेतले. मग माझ्याच वेळी तीनदा का?

अनोळखी बाईला कुणी एवढं जपत नाही. आगीच्या दाव्यात जळलेल्या मालाचं वर्णन फार सुंदर केलेलं असलं, की मी फाइल बाजूला काढून ठेवायचे.

आई


२७ मार्च

ठोंब्या,

तुझं उत्तर आलं. 'तिच्या आजीला बरं नाही म्हणून ती थोडे दिवस आईकडे गेली आहे. तू तिथे जाऊ नकोस, प्लीज.'

आजीला बरं नाही? परवा त्या आजीने खडीसाखरेचा खडा दाढेखाली फोडून वर तीन पेले चहा घेतला. माझ्या दाढेने खारीक तुटत नाही. आणि 'प्लीज' कधीपासून? लहानपणी खिडकीची काच फोडलीस तेव्हाही तू सॉरी म्हटलं नव्हतंस, उलट काच पातळ होती म्हणालास. तू 'प्लीज' म्हणतोस म्हणजे तिथे असं काहीतरी आहे जे मी बघू नये. त्यांना माझ्यापासून जपतोयस की मला त्यांच्यापासून?

या खेपेला आत्याला बरोबर नेलं. बसमध्ये तिला बजावलं, मी शिक्षिका, मला मूल नाही. ती म्हणाली, "वहिनी, एवढं पाठ करून मला जेवण कसं जाईल?" गेलं. चांगलं दोन ताटं गेलं. अक्रोड-डाळिंबाच्या दाट रश्श्यात तिने बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली, "आमच्या ठो—" मी टेबलाखालून पाय दाबला. "आमच्या ठोकळ बुद्धीला हे सुचलं नसतं," असं तिने ते वाक्य पुरं केलं. मालक खिडकीतून सगळं ऐकत होते. हसले नाहीत. मान खाली घालून आत गेले.

या वेळी तुझी बायको बाहेर आली. तिने आमच्यापुढे पाणी ठेवलं, मला म्हणाली, "नमस्कार." नीट नजरेला नजर देऊन. मीच आधी नजर वळवली. वळवताना तिच्या बोटांकडे बघून घेतलं. अंगठी नाही. दिवसभर भांड्यात हात असतात म्हणून काढून ठेवली असेल, असं आत्या म्हणाली. आत्याला सगळ्यांसाठी सगळं सुचतं.

मग पाव पोचवणारा आला. लांबट पोळीसारखे पाव कापडात गुंडाळून आणतो. तरणा, दाढी राखलेला. तुझी बायको त्याच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली आणि दोघं हसले. मी फक्त पाहिलं ते लिहिते. पुढचं तू समज.

निघताना आजीने माझा हात धरला. दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला काही समजेना. गल्ल्यावरची बाई घाईने म्हणाली, "तिचं वय झालंय, मनावर घेऊ नका." आमच्या खात्यात अर्जदार रडायला लागला की मी चहा मागवायचे आणि फाइल पहिल्या पानापासून पुन्हा वाचायचे. मी घरी येऊन तुझी सगळी पत्रं काढली आणि पहिल्यापासून वाचली. 'आम्ही बरे आहोत.' 'आम्ही घर बदललं.' 'आम्हाला इथली हवा मानवली.' एकाही पत्रात ती काय म्हणाली, काय रांधलं, कशावरून भांडलात, यातलं काही नाही. तुझ्या बाबांचं आणि माझं तर एक पोस्टकार्ड भांडणाशिवाय गेलं नाही.

काय चाललंय?

आई


८ एप्रिल

ठोंब्या,

दहा-बारा दिवस झाले, तुझं काही नाही. तेव्हा मला जे वाटतं ते मीच लिहिते, चूक असेल तर खोड.

या लोकांना इथे राहायचे कागद हवे होते. तू भोळा, तुझ्याशी लग्न लावलं. कागद झाले, मुलगी माहेरी परतली, तू तिकडे एकटा. मला ओळखलंय त्यांनी, त्याशिवाय एवढी सरबराई नाही. मी बोंब मारीन म्हणून मला जेवू घालून गप्प ठेवताहेत. आणि तू लाजेने 'आम्ही, आम्ही' लिहितोस.

आत्या ऐकून म्हणाली, "त्या आजीचं रडणं खोटं असेल तर मी आजपासून भात सोडते." मी म्हटलं, तुझं भात सोडणं म्हणजे सूर्याने उगवणं सोडण्यासारखं.

उद्या-परवाकडे मी तिथे जाऊन सरळ विचारणार आहे. तुला थांबवायचं असेल तर फोन उचल.

आई


१३ एप्रिल

मी फोन केला. वाजत राहिला.

काल दुपारी एकटीच गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी बसायच्या आत तुझी बायको आतून आली, माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली. तिची आई गल्ल्यावरून "अगं" म्हणाली. तिने मागे बघितलं नाही.

ती म्हणाली, "तुम्ही का येता इथे?"

मी म्हटलं, "जेवायला."

"तुम्ही जेवता कमी. भिंतींकडे बघता, माझ्या हातांकडे बघता. आई म्हणते, पाहुण्याला विचारू नये. बाबा म्हणतात, त्यांना जड जात असेल, त्या आपणहून बोलतील. इतके दिवस आम्ही वाट बघतोय. आता मी विचारते. तुम्ही त्याच्याकडून आला आहात का?"

"कुणाकडून?"

"तुमच्या मुलाकडून."

मी मेणकापडाची घडी सारखी केली. मला मुलंबाळं नाहीत ना!

"तुम्ही दारात आलात तेव्हाच बाबांनी ओळखलं. त्याने तुमचा फोटो दाखवला होता. तो नसता तरी भुवया त्याच्याच आहेत."

मग मीही आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, "बरं झालं. मग तूच सांग. लग्न त्याच्याशी केलंस आणि राहतेस इथे. हे कसलं लग्न?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. गल्ल्यावरची बाई उभी राहिली होती ती तशीच उभी. मालक हात पुसत खिडकीपाशी आले.

"कसलं लग्न?" मुलगी म्हणाली.

ठोंब्या, ती ते कुजकेपणाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ती खरंच विचारत होती.

मग तिने सांगितलं. मी तुला तुझीच गोष्ट लिहिते आहे, कारण मला ती तिच्या तोंडून ऐकावी लागली. लग्नाच्या दिवशी रेस्टॉरंट बंद ठेवलं होतं. टेबलं जोडून एक लांब टेबल केलं होतं. तिची मावशी, काका, कुठून कुठून माणसं आली होती. आजीने पहाटे उठून भाताचं पातेलं चढवलं होतं. तू येईनास म्हणून तिचे बाबा रस्त्यावर बघायला गेले, तर पलीकडे, डोळ्यांच्या डॉक्टरच्या दारासमोर, टॅक्सी उभी. आत तू. लग्नाचे कपडे, मांडीवर फुलं. बाबांनी हात केला. तू त्यांच्याकडे बघितलंस. बाबांना वाटलं पैसे देतोय टॅक्सीवाल्याला. ते रेस्टॉरंटचं दार उघडं धरून उभे राहिले. आणि टॅक्सी वळली.

"संध्याकाळी त्याचा मेसेज आला," ती म्हणाली. "'मला जमणार नाही.' एवढाच. मी मोबाइल बंद करून ताटं उचलायला लागले. काहीतरी करायला हवं होतं ना."

मी विचारलं, "मग मला कसं कोणी कळवलं नाही?"

गल्ल्यावरची बाई तेव्हा बोलली. "आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात, मला मुलंबाळं नाहीत."

आणि मालक, तो दांडगा माणूस, त्या ताटांच्या खिडकीतून म्हणाला, "मी त्या दिवशी आत बसून रडलो, बाई. म्हटलं, आमच्या मुलीला असं केलं म्हणून एका आईनं पोटचा पोरगा नाही म्हणून सांगितला. असं माणूस कुठे भेटतं? माझी आई तर तुमचा हात कपाळाला लावते ती याच्यासाठी."

म्हणजे मी त्यांच्यात चोर शोधत होते आणि ते मला देवाच्या जागी बसवून खरवड वाढत होते.

मी सांगायला हवं होतं की तसं काही नाही. तोंड उघडलंसुद्धा. आजीने माझ्या हातात चहाचा पेला दिला आणि मी चहा प्यायले. तो संपेपर्यंत सगळे माझ्याभोवती बसून होते. मग मी घरी आले.

'ती बाजारात गेली आहे, तुला नमस्कार सांगते.' हे लिहिताना तुझा हात कसा चालला?

यावेळी चार ओळी पाठवू नकोस.


२३ एप्रिल

ठोंब्या,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. जन्मात पहिल्यांदा तू मला एवढं लिहिलंस. मी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं, आत्याला मोठ्याने वाचून दाखवलं. ती मधेच उठून स्वयंपाकघरात गेली.

तू लिहितोस, 'दारात सगळी त्यांची माणसं होती. माझं एकही नव्हतं. तू नव्हतीस. मला उतरवेना.'

मी आले नाही, ते माझं. आत्याने त्या दिवशी नवी साडी नेसून पर्स काखेत घेतली होती, आणि मी तिला म्हणाले, तू गेलीस तर परतून या घरात येऊ नकोस, तेही माझं. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं, आत्याने सांगितलं असतं तर मी नाकबूल गेले असते. पण तू उतरला नाहीस ते तुझं. ते माझ्या माथी मारू नकोस. तुझ्या सासऱ्यांनी, म्हणजे त्या माणसाने, दार धरून ठेवलं होतं. एक माणूस तुझं होतं तिथे.

तू लिहितोस, शरम वाटली, म्हणून मला सांगितलं नाहीस. एकदा 'आम्ही' लिहून गेलास आणि मग माघार घेता येईना. हे मी खरं मानायचं ठरवलं आहे. मानलं आहे असं नाही.

आणि एक. चार पानी पत्रात तुला झोप येत नाही हे आहे, तुझं मन नोकरीत लागत नाही हे आहे, मी कशी कठोर आहे हे दोनदा आहे. ती कशी आहे, हे तू एकदाही विचारलेलं नाहीस.

शेवटी तू लिहिलंस, 'ते तुला मानतात. तू माझ्या वतीने माफी माग, तुझं ऐकतील.' तू हे माझ्याकडे मागशील असं मला वाटलंच होतं. म्हणून तुझं पत्र आल्या दिवशीच गेले.

सगळे होते. मी बसले नाही. म्हटलं, "मला तुम्हाला सांगायचंय. मी माझ्या मुलाला टाकलेलं नाही. मला काही माहीतच नव्हतं. लग्न झालंय असंच मी धरून चालले होते. मी इथे आले ती तुम्हाला तपासायला. तुमच्या मुलीने कागदांसाठी माझ्या मुलाला फसवलं असं मला वाटत होतं. पाववाल्यावरूनही मी नको ते मनात आणलं. मूल नाही म्हणाले ते खोटं. तुम्ही मला समजलात ती बाई मी नाही."

मालकांना ते पुरतं कळायला वेळ लागला. मुलीने त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. ते ऐकताना त्यांचा हात दाढीवर होता तो तिथेच राहिला. मग ते आत गेले. ताटांच्या खिडकीला एक लाकडी फळी आहे, ती त्यांनी ओढून घेतली. ती फळी आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

गल्ल्यावरची बाई म्हणाली, "म्हणजे इतके दिवस आमचं अन्न खाताना तुम्ही आमच्यात खोट शोधत होता?"

"हो."

"आमच्या मुलीत?"

"हो."

"सापडली?"

मी म्हटलं, "नाही."

मी येताच चहा आणि भात पुढे आलाच होता, त्याचं बिल मी मागितलं. तिने आकडा सांगितला. मी पैसे ठेवले, तिने उचलले, सुटे परत दिले. एकदाही 'राहू द्या' म्हणाली नाही. मला बत्तीस वर्षांच्या नोकरीत बऱ्याच लोकांनी तोंडावर शिव्या दिल्या आहेत, त्यातली एकही अशी लागली नव्हती.

तुझी माफी मी मागितली नाही. माझी मागितली. तुझी तुझ्याकडे आहे.

आई


७ मे

ठोंब्या,

तुझा निरोप मिळाला. येतोयस म्हणतोस. शुक्रवारी इथे पोचणारी गाडी. तिकीट काढल्याचंही लिहितोस, पण काढलेलं तिकीट रद्द करता येतं हे मला ठाऊक आहे. वाईट वाटून घेऊ नकोस; तुझ्या शब्दाला माझ्याकडे सध्या एवढाच भाव आहे.

इकडचं सांगते. पंधरा दिवस मी नदीपलीकडे फिरकले नाही. डॉक्टरांची तारीखही चुकवली. आत्या मात्र गेली. मी म्हटलं, कुठल्या तोंडाने जातेस? ती म्हणाली, "मी काही खोटं बोलले नाही. एक वाक्य वाकडं पूर्ण केलं एवढंच. मला भूक लागलीय." जेवून आली. भात वाढला म्हणाली, खरवड नाही. कुणी बोललं नाही. आजीने मात्र जवळ बसवून घेतलं आणि मी तिथे उभी असल्यासारखं दाराकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. आत्याने आपलं 'बरी आहे, बरी आहे' सांगितलं.

परवा धीर करून डॉक्टरांकडे गेले. पायरीवरच ती मुलगी भेटली, हातात कोथिंबिरीसारख्या पाल्याच्या जुड्या. मी बाजूला झाले. ती थांबली.

म्हणाली, "आई अजून रागावलीय. तुम्ही खोटं बोललात म्हणून नाही. तुम्ही खरं बोललात म्हणून. निदान तुम्ही तरी आमच्या बाजूच्या आहात असं तिला वाटत होतं. आता तिला सगळं पुन्हा नव्याने दुखतंय."

मी म्हटलं, "आणि तुला?"

"मला बरं वाटलं. तुमच्याशी एवढं चांगलं वागायचा कंटाळा आला होता."

हसली. ती फट मला या वेळी वेगळी दिसली असं काही नाही. फटच आहे. मीच मेली काय काय बघत होते तिच्यात.

मग तिने विचारलं, "त्याने माझी चौकशी केली?"

मी खोटं बोलू शकले असते, रे. आईचं काम असतं ते. आणि माझ्या अंगात ते किती आहे हे तू बघितलंयस. पण मी म्हटलं, "नाही."

तिने मान हलवली. म्हणाली, "मला तो परत नको आहे. हे त्याला लिहा. पण त्या दिवसापासून बाबा त्या बाजूच्या फुटपाथवरून चालत नाहीत. डॉक्टरच्या दारासमोरून जावं लागेल म्हणून लांबून वळसा घालतात. त्यांना तोंडावर सांगायला हवं कुणीतरी, की त्यांचं काही चुकलं नव्हतं. ते मी सांगून उपयोग नाही."

जुड्या एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन ती गेली. हे मी तुला तिच्याच शब्दांत लिहिलं आहे, माझं त्यात काही घातलेलं नाही.

आता ऐक. शुक्रवारी मी आत्याला घेऊन स्टेशनवर येते. तू दिसला नाहीस तर पुढच्या गाडीपर्यंत थांबेन आणि मग घरी जाईन, आणि मग मला पत्र लिहू नकोस. दिसलास तर आधी घरी यायचं नाही. बॅग आत्याकडे द्यायची, ती रिक्षाने घरी नेईल. आपण दोघं नदीपलीकडे जायचं. दुपारी तिथे गिऱ्हाईक नसतं. मी दारापर्यंत येईन, त्या वेळी आले नव्हते म्हणून. आत तू एकट्याने जायचंस. मालकांशी बोलायचंस. तिच्याकडे आशेने बघायचं नाही, तिने विचारलं तरच बोलायचं. तिची आई काही फेकून मारेल. मारू दे. कुणी बस म्हणणार नाही, तेव्हा उभ्याने काय सांगता येईल तेवढंच ठरवून ठेव.

टॅक्सी करायची नाही. स्टेशनपासून पुलावरून चालत जायचं. माझे गुडघे दुखतात, मला तुझा हात धरावा लागेल, आणि मी धरला की सोडणार नाही.

आई